डायलिसिसच्या रुग्णाची हालचाल कशी मोजायची?

डायलिसिस केंद्रात पाऊल टाकताच रुग्णाचे मोजमाप सुरू होते. आधी वजन, मग रक्तदाब. मशीनला जोडल्यानंतर किती पाणी काढायचे आणि रक्त कोणत्या वेगाने फिरवायचे याचे आकडे. ठरावीक काळाने हिमोग्लोबिन, पोटॅशियम, फॉस्फरस, कॅल्शियम यांच्या तपासण्या होतात. फाईल आकड्यांनी भरून जाते. मात्र एका प्रश्नाचे उत्तर त्या फाईलमध्ये सहसा सापडत नाही. हा रुग्ण एका डायलिसिसपासून दुसऱ्या डायलिसिसपर्यंत घरी किती वेळा उठतो, किती चालतो आणि किती वेळ पडून असतो?

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाने विश्रांती घ्यावी, अशीच आपल्याकडची समजूत आहे. घरातली माणसे प्रेमापोटी त्याच्या हातातले काम काढून घेतात, पाण्याचा तांब्याही जागेवर आणून देतात. परंतु गेल्या पंचवीस वर्षांतील अभ्यासांनी एक गोष्ट वारंवार दाखवून दिली आहे. डायलिसिसवरील रुग्णांमध्ये हालचालीचा अभाव फार मोठा असतो आणि ज्यांची हालचाल कमी, त्यांच्या मृत्यूचे प्रमाण अधिक असते. म्हणूनच ही निष्क्रियता नेमकी कशी मोजायची, हा मूत्रपिंडविज्ञानातील एक महत्त्वाचा विषय ठरला आहे.

तीन वेगवेगळ्या गोष्टी

मोजमापाकडे वळण्यापूर्वी तीन संकल्पनांमधील भेद समजून घ्यावा लागतो. रोजच्या बोलण्यात त्यांची सरमिसळ होते.

पहिली गोष्ट म्हणजे निष्क्रियता. आरोग्याला आवश्यक तेवढी शारीरिक हालचाल न होणे, हा तिचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूत्रांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करणे अपेक्षित आहे. मूत्रपिंडविकाराच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनीही २०२४ मध्ये आठवड्याला १५० मिनिटांची शिफारस केली. मात्र प्रत्येकाचे हृदय आणि शरीर जेवढे सोसेल तेवढेच, ही अट तिला जोडलेली आहे.

दुसरी गोष्ट बैठेपणा. जागेपणी बसून, रेलून वा आडवे पडून काढलेला वेळ म्हणजे बैठा वेळ. एखादा माणूस सकाळी अर्धा तास फिरून येतो आणि उरलेला दिवस खुर्चीत काढतो. तो निष्क्रिय नाही, पण बैठा आहे. डायलिसिसच्या रुग्णाला तर उपचारच बैठेपणाची सक्ती करतो. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास या हिशेबाने वर्षाला ६२४ तास, म्हणजे पुरते २६ दिवस-रात्र, तो मशीनला जोडलेला असतो.

तिसरी गोष्ट क्षमता. माणूस किती चालू शकतो आणि प्रत्यक्षात किती चालतो, या दोन गोष्टी एक नव्हेत. सहा मिनिटांत किती मीटर अंतर कापले, हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठायला किती सेकंद लागले, मुठीच्या पकडीत किती बळ आहे, या चाचण्या क्षमता मोजतात. एखाद्याची क्षमता चांगली असूनही तो भीतीमुळे वा सवयीमुळे घरात बसून राहतो; दुसरा कुणी क्षमता बेताची असूनही परसातली कामे नेटाने करत राहतो. उपचार ठरवताना या दोघांची गरज निराळी असते. पहिल्याला धीर हवा, दुसऱ्याला स्नायूंचे बळ. दोहोंची एकत्र मोजणी केली, तर हा फरक दिसत नाही.

हालचाल का आटते?

याचे उत्तर आळसात शोधणे अन्यायाचे ठरेल. मूत्रपिंडे काम करेनाशी झाली की शरीरात साठणारी विषद्रव्ये आणि आम्लता स्नायूंची झीज वाढवतात. मूत्रपिंडात तयार होणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाची उणीव निर्माण होऊन रक्तक्षय होतो आणि दोन जिने चढताच दम लागतो. हाडे दुखतात. मधुमेह असल्यास पायांच्या नसा बधिर होतात. दोन डायलिसिसच्या मध्ये साठलेले पाणी श्वास जड करते. मनावर दाटलेले निराशेचे सावट या सर्वांत भर घालते.

शिवाय डायलिसिसनंतरचा थकवा असतो. काही तासांत बरेचसे पाणी शरीराबाहेर काढल्यानंतर अनेकांना घरी जाऊन झोपण्यापलीकडे काही सुचत नाही. 'डायलिसिसनंतर पूर्ववत व्हायला तुम्हाला किती वेळ लागतो?' हा एकच प्रश्न विचारून हा थकवा मोजण्याची पद्धत रूढ आहे. अनेक देशांतील रुग्णांचा मागोवा घेणाऱ्या 'डॉप्स' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सुमारे २७ टक्के रुग्णांनी सहा तासांहून अधिक काळ लागतो, असे सांगितले. अशा रुग्णाचा डायलिसिसचा संपूर्ण दिवस उपचार आणि थकवा यांतच सरतो.

यातून एक दुष्टचक्र तयार होते. थकवा येतो म्हणून हालचाल कमी होते, हालचाल कमी झाल्याने स्नायू क्षीण होतात आणि स्नायू क्षीण झाल्याने पुढच्या वेळी तेवढ्याच कामाला अधिक थकवा येतो. हे चक्र कुठवर आले आहे, हे वेळीच कळावे यासाठी मोजमाप हवे.

प्रश्नावली : स्वस्त, सोपी आणि फसवी

मोजण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रुग्णालाच विचारणे. त्यासाठी तयार प्रश्नावली असतात. तथापि, सामान्य लोकसंख्येसाठी बनवलेल्या प्रश्नावली डायलिसिसच्या रुग्णांच्या बाबतीत तोकड्या पडतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या 'आयपॅक' या प्रश्नावलीचे उदाहरण घेऊ. तिच्या मूळ रूपात सलग किमान दहा मिनिटे केलेल्या हालचालीचीच नोंद होते. जो रुग्ण दिवसभरात तीन-चार मिनिटांचे पाच-सहा फेरे मारतो, त्याच्या खात्यावर शून्य जमा होते. जो खाटेवरून उठतच नाही, त्याच्याही खात्यावर शून्यच. डॉक्टरांच्या दृष्टीने या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, पण प्रश्नावलीला तो दिसत नाही. ज्या काट्यावर खालच्या खुणाच नाहीत, त्यावर हलक्या वस्तू तोलण्यासारखेच हे आहे.

ही उणीव भरून काढणाऱ्या प्रश्नावलींपैकी सर्वाधिक उपयोगी ठरली ती 'ह्यूमन ॲक्टिव्हिटी प्रोफाइल'. ती मूलतः फुप्फुसाच्या रुग्णांसाठी तयार झाली. तिच्यात ९४ कृती कष्टाच्या चढत्या क्रमाने मांडलेल्या असतात. खुर्चीवरून वा अंथरुणातून उठणे ही अगदी सुरुवातीची कृती, तर तीन मैल धावणे ही अखेरची. प्रत्येक कृतीपुढे तीनच पर्याय असतात : अजूनही करतो, करणे सोडले, कधीच केले नाही.

गुण देण्याची तिची रीत मार्मिक आहे. समजा, एखादा रुग्ण अजूनही करतो अशा कृतींपैकी सर्वांत अवघड कृतीचा क्रमांक ६० आहे. हा त्याचा कमाल गुण. आता साठच्या खालच्या कृतींपैकी १४ त्याने सोडून दिल्या असतील, तर त्या वजा होतात आणि ४६ हा सुधारित गुण उरतो. सुधारित गुण ५३ पेक्षा कमी म्हणजे हालचाल खालावलेली, ५३ ते ७४ म्हणजे मध्यम आणि ७४ च्या वर म्हणजे सक्रिय, अशी ढोबळ वर्गवारी आहे. कधीच न केलेल्या कृतीबद्दल गुण वजा होत नाहीत. आजाराने माणसाच्या हातून काय काय निसटले, हेच ती मोजते. अमेरिकेतील मूत्रपिंडतज्ज्ञ कर्स्टन जोहान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायलिसिसच्या रुग्णांवर निरनिराळ्या प्रश्नावली पडताळून पाहिल्या, तेव्हा यंत्राने केलेल्या मोजणीशी याच प्रश्नावलीचा मेळ सर्वांत चांगला बसला. पुढे त्याच संशोधकांनी हालचाल अत्यल्प असलेल्यांसाठी 'लोपॅक' ही छोटी प्रश्नावली तयार केली. संथ चालणे आणि बसून काढलेला वेळ यांची वेगळी विचारणा, हे तिचे वैशिष्ट्य.

एवढे असूनही प्रश्नावलीला मर्यादा आहेतच. माणसाची स्मृती दगा देते. डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून रुग्ण फुगवून सांगतो किंवा त्या दिवशी मन खिन्न असले तर कमी सांगतो. या फरकाचा परिणाम किती खोल जातो, हे 'दुर्बलता' या निदानाच्या बाबतीत दिसले. वजन घटणे, सततचा थकवा, पकड ढिली होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे या पाचांपैकी तीन लक्षणे आढळली की ती व्यक्ती दुर्बल मानली जाते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात डायलिसिसचे दोन-तृतीयांश रुग्ण दुर्बल ठरले. तेथे चाल आणि पकड यांची मोजणी रुग्णांच्या सांगण्यावरून झाली होती. नंतरच्या एका अभ्यासात हीच दोन लक्षणे प्रत्यक्ष मोजली, तेव्हा दुर्बल ठरणाऱ्यांची संख्या बरीच खाली आली. याचा अर्थ रुग्ण खोटे सांगत होते असा नव्हे. आपण काय करू शकतो, याविषयी रुग्णाची स्वतःची धारणा आणि त्याची खरी क्षमता यांत अंतर असू शकते, एवढेच त्यातून कळते.

यंत्र काय सांगते?

म्हणून संशोधक यंत्राकडे वळले. साधा पेडोमीटर कमरेला लावला की तो पावले मोजतो. ॲक्सेलरोमीटर त्याच्या पुढचा. तो शरीराच्या हालचालीचा वेग कसा आणि किती बदलतो, हे क्षणाक्षणाला टिपतो. आज मोबाईलमध्ये आणि मनगटावरच्या पट्ट्यात बसवलेले तंत्र हेच आहे.

जोहान्सन आणि सहकाऱ्यांचा २००० साली 'किडनी इंटरनॅशनल' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास या क्षेत्रातील मैलाचा दगड मानला जातो. त्यांनी डायलिसिसवरील ३४ रुग्ण आणि ८० निरोगी व्यक्ती यांची हालचाल ॲक्सेलरोमीटरने सात दिवस मोजली. या निरोगी व्यक्ती मुद्दामच व्यायाम न करणाऱ्या निवडल्या होत्या. तरीही रुग्णांची हालचाल त्यांच्याहून सुमारे एक-तृतीयांशाने कमी भरली आणि वाढत्या वयानुसार हे अंतर रुंदावत गेले. ज्यांना आपण बैठे म्हणतो त्यांच्याही कितीतरी मागे हे रुग्ण होते.

यंत्र फुगवून सांगत नाही, हे खरे. पण तेही चुकते आणि डायलिसिसच्या रुग्णांत विशेष चुकते. पाय घासत अगदी सावकाश चालणाऱ्याची पावले साध्या पेडोमीटरला जाणवत नाहीत, त्यामुळे ज्यांची नोंद सर्वाधिक महत्त्वाची त्यांचीच मोजणी कमी होते. उलट खडबडीत रस्त्यावरून बसने जाताना बसणारे हादरे काही यंत्रे पावले समजून बसतात. बसून भाजी चिरणे, कणीक मळणे, कपडे चुबकणे या हातांच्या कामांची कमरेवरच्या यंत्राला दखल नसते.

यंत्र कोणत्या हाताला बांधायचे, हा डायलिसिसच्या रुग्णांपुरता एक वेगळाच प्रश्न आहे. ज्या हातात फिस्टुला केलेला असतो, त्या हाताला घड्याळ, बांगडी वा घट्ट पट्टा बांधू नये, त्या हाताचा रक्तदाब घेऊ नये, असे प्रत्येक केंद्रात बजावलेले असते. मनगटी पट्टा नेहमी दुसऱ्याच हाताला लावायला हवा.

मोजणीचे दिवस निवडणे हेही तितकेच महत्त्वाचे. डायलिसिसच्या दिवशी पावले कमी पडतात आणि मधल्या दिवशी वाढतात. कुणी फक्त मधल्या दिवसांची सरासरी काढली, तर चित्र नको तेवढे उजळ दिसेल. फक्त डायलिसिसच्या दिवसांची काढली, तर नको तेवढे काळवंडेल. म्हणूनच पूर्ण सात दिवसांची नोंद घ्यावी आणि दोन्ही प्रकारच्या दिवसांची सरासरी वेगवेगळी मांडावी, हा शहाणपणाचा मार्ग. चांगले अभ्यास तोच अनुसरतात.

आकड्यांमागचे जीवित

या मोजणीचे महत्त्व दाखवणारे तीन अभ्यास आवर्जून लक्षात घ्यावेत असे आहेत. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डायलिसिसवरील निष्क्रिय रुग्णांचा एका वर्षातील मृत्यूचा धोका इतरांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी अधिक आढळला. 'डॉप्स' अभ्यासाने १२ देशांतील २०,९२० रुग्णांची माहिती तपासली. त्यांपैकी निम्म्याहून थोडे कमी, ४७.४ टक्के रुग्ण आठवड्यातून किमान एकदा व्यायाम करत होते. त्यांच्यातील मृत्यूचा धोका व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत २७ टक्क्यांनी कमी होता. जपानमधील संशोधकांनी २०१२ मध्ये २०२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सांगोवांगीवर न विसंबता ॲक्सेलरोमीटरने मोजणी केली होती. दिवसाला ५० मिनिटांपेक्षा कमी हालचाल असणाऱ्यांचे जगण्याचे प्रमाण कमी आढळले. हालचालीत दर दहा मिनिटांची भर पडली की मृत्यूचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी उतरताना दिसला.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हे सर्व निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. जो अधिक आजारी असतो तो मुळातच कमी चालतो. तेव्हा कमी चालल्यामुळे मृत्यू लवकर आला, की मृत्यूकडे नेणाऱ्या आजारामुळे चालणे कमी झाले, हे अशा अभ्यासांतून निर्विवादपणे सांगता येत नाही. संशोधक वय, मधुमेह, हृदयविकार यांचा हिशेब वजा करून पाहतात, तरीही शंकेला थोडी जागा उरतेच. व्यायामाने आयुष्य नक्की किती वाढेल, याचे ठाम आश्वासन कुणी देऊ नये.

मात्र व्यायामाने चालण्याची शक्ती वाढते, हे प्रत्यक्ष प्रयोगांनी दाखवले आहे. इटलीतील 'एक्साइट' हा त्यांतील प्रमुख प्रयोग. त्यात २९६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्याला डायलिसिस नसलेल्या दिवशी घरच्या घरी दहा-दहा मिनिटे दोन वेळा, प्रत्येकाला झेपेल अशा ठरवून दिलेल्या गतीने चालायला सांगितले. सहा महिन्यांनी चालणाऱ्या गटाचे सहा मिनिटांत कापलेले सरासरी अंतर ३२८ मीटरवरून ३६७ मीटरवर गेले; दुसरा गट जवळपास होता तिथेच राहिला. खुर्चीवरून पाच वेळा उठायला लागणारा वेळही पहिल्या गटात घटला. व्यायामशाळा नको, महागडी उपकरणे नकोत. वीस मिनिटांच्या चालण्याचा हा परिणाम होता.

मोजणे हाच उपचाराचा भाग होऊ शकतो का, याचीही परीक्षा झाली आहे. अमेरिकेत ६० रुग्णांवर झालेल्या प्रयोगात अर्ध्या रुग्णांना पेडोमीटर देऊन दर आठवड्याला समुपदेशन करण्यात आले. तीन महिन्यांत त्यांची दैनंदिन पावले दुसऱ्या गटाच्या तुलनेत सरासरी दोन हजारांहून अधिक वाढली. परंतु समुपदेशन थांबले, तशी पावलेही पूर्वपदावर आली. नुसते यंत्र हाती देऊन भागत नाही. त्यावरचा आकडा पाहून कुणीतरी विचारपूस करणारे असावे लागते, हाच त्याचा अर्थ.

आपल्या अंगणातले प्रश्न

गोव्यात हा विषय दूरचा नाही. काणकोण तालुक्यातील मूत्रपिंडविकाराचे रुग्ण ही राज्यापुढील दीर्घकाळची चिंता आहे. मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांमुळे मूत्रपिंडे निकामी होणाऱ्यांची भर सर्वच तालुक्यांतून पडते. बांबोळीच्या गोमेकॉबरोबरच जिल्हा रुग्णालये आणि तालुक्याच्या पातळीवरील काही आरोग्य केंद्रांतही डायलिसिसची सोय झाल्याने प्रवासाचा त्रास पूर्वीइतका उरलेला नाही. रुग्ण जगतो आहे. आता तो कसा जगतो, हा पुढचा प्रश्न आहे.

येथे परदेशी प्रश्नावली जशीच्या तशी भाषांतरित करून चालणार नाही. दुर्बलतेच्या अभ्यासात वापरली जाणारी मिनेसोटा प्रश्नावली गोल्फ खेळण्याबद्दल आणि फावड्याने बर्फ उपसण्याबद्दल विचारते. काणकोणच्या किंवा सत्तरीच्या रुग्णाला या प्रश्नांचा काय उपयोग? त्याला विचारायला हवे : विहिरीचे पाणी अजून ओढता का? अंगण झाडता का? कुळागरात उतरून पुन्हा वर चढता का? जमिनीवर पाटावर बसून, आधाराविना उठता का? चवथीला माटोळी बांधायला हात वर करून उभे राहता का? देवळाच्या पायऱ्या चढता का, की खालूनच नमस्कार करता? 'अजूनही करतो', 'सोडले' आणि 'कधीच केले नाही' हे तीन पर्याय अशा प्रश्नांना तंतोतंत लागू पडतात. अर्थात, अशी प्रश्नावली यंत्राच्या मोजणीशी पडताळून पाहिल्याशिवाय तिच्या गुणांवर विसंबता येणार नाही. वैद्यकीय आणि परिचर्या महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घ्यावा, असा हा विषय आहे.

स्त्रियांच्या बाबतीत तर अधिक काळजी घ्यावी लागेल. 'व्यायाम करता का?' असे विचारले, तर बहुतेक जणी 'नाही' म्हणतील. त्याच बाई सकाळपासून केर काढणे, भांडी, स्वयंपाक, फुले वेचणे ही कामे करत असतात. केवळ फावल्या वेळेतील व्यायामाची विचारणा करणारी प्रश्नावली त्यांना निष्क्रिय ठरवील. उलट आजारपणात ही कामे सुनेने वा मुलीने हाती घेतली, तर हालचालीत झालेली मोठी घट कुणाच्या लक्षातही येणार नाही, कारण ती कामे हालचाल म्हणून कधी मोजलीच नव्हती.

घरच्या घरी काय करता येईल?

रुग्णालयातील फाईलमध्ये हा रकाना येईपर्यंत घरच्यांनी थांबण्याचे कारण नाही. एक वही आणि मोबाईल एवढ्यावर भागते.

सलग सात दिवस रोजची पावले लिहावीत. डायलिसिसच्या दिवसापुढे खूण करावी आणि आठवड्याअखेर दोन्ही प्रकारच्या दिवसांची सरासरी वेगळी काढावी. मोबाईल दिवसभर टेबलावर पडून असेल, तर त्याचा आकडा निरर्थक ठरतो. तो खिशात वा कमरेच्या पिशवीत असायला हवा. मोबाईल बाळगणे जमत नसेल, तर दिवसभरात किती वेळा उठून अंगणापर्यंत गेले, एवढी नोंदही पुरेशी आहे. जोडीला डायलिसिसनंतर बरे वाटायला किती तास लागले, तेही लिहावे. हा काळ वाढत चालला असेल, तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखे आहे. काढल्या जाणाऱ्या पाण्याचा वेग किंवा ठरवलेले कोरडे वजन तपासून पाहण्याची गरज त्यातून कळू शकते.

पहिल्या आठवड्याचा आकडा हाच आपला पाया मानावा. दहा हजार पावलांच्या मागे लागू नये. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पेडोमीटरच्या नावातून रूढ झाला. तो कुणा रुग्णाचे आरोग्य तपासून काढलेला नाही. डायलिसिसच्या रुग्णांसाठी जपानी संशोधकांनीच नंतर सुचवलेले किमान उद्दिष्ट डायलिसिस नसलेल्या दिवशी ४,००० पावलांचे आहे. ज्याची सुरुवात हजार पावलांवर आहे, त्याने आधी दीड हजार गाठावीत.

चालणे वाढवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे अनिवार्य आहे. छातीत दुखणे, चालताना चक्कर येणे, आडवे पडल्यावर धाप लागणे, पायावर बरी न होणारी जखम असणे, यांपैकी काहीही असेल तर आधी तपासणी, मग चालणे. डायलिसिसहून परतल्यावर लगेच कष्ट करू नयेत. उन्हाच्या वेळा टाळाव्यात, कारण तहान वाढली की पाण्याचे पथ्य मोडते. आणि आपल्या किनारपट्टीवर तर एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. फिरून आल्यावर शहाळे पिण्याची सवय निरोग्याला चांगली असली, तरी शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते आणि डायलिसिसच्या रुग्णाच्या हृदयाला ते घातक ठरू शकते.

घरच्यांनीही एक पथ्य पाळावे. पाण्याचा तांब्या जागेवर आणून देण्याऐवजी, रुग्णाला झेपत असेल तर तो स्वतः उठून घेईल अशा जागी ठेवावा. पडण्याची भीती असेल, तर सोबत उभे राहावे. जी कामे त्याच्या हातून सुटली आहेत, त्यांची यादी करावी आणि त्यांतले एखादे सोपे काम त्याला परत करता येते का, ते पाहावे.

डायलिसिस केंद्रांपुरते बोलायचे, तर महिन्याच्या तपासण्यांच्या कागदावर दोन रकाने वाढवायला विशेष खर्च येत नाही : खुर्चीवरून पाच वेळा उठायला लागलेले सेकंद आणि आठवड्याची सरासरी पावले. हिमोग्लोबिन घसरले, तर इंजेक्शनचा विचार लगेच होतो. पावले घसरत आहेत हे कागदावर दिसू लागले, तर फिजिओथेरपिस्टला बोलावण्याचा विचारही तितक्याच सहजपणे होऊ लागेल. आज तो बहुधा रुग्ण पडून हाड मोडल्यावर होतो.